दोन मिनिटांचे शहर

सकाळी आठच्या सुमारास दादर स्थानकाच्या पुलावर उभे राहिले असता जो लोकसमुदाय दृष्टीस पडतो, त्यात अलीकडे एक नवी आकृती हमखास आढळते. सारे जग पायऱ्या उतरण्याच्या घाईत असताना कोणी तरुण किंवा तरुणी कठड्याशी क्षणभर थबकते, मोबाईल छातीच्या उंचीवर धरते, फलाटात शिरणाऱ्या गाडीवर तो दहा-बारा सेकंद रोखते आणि पुन्हा गर्दीत नाहीशी होते. स्थानकाबाहेरच्या फुलबाजारात झेंडूच्या राशीपाशी हाच प्रकार पुन्हा घडतो. दुपारी चहाच्या टपरीवरील उकळत्या पातेल्याची पाळी येते, सायंकाळी समुद्राच्या लाटांची. रात्री जेवणे आटोपल्यावर हे सगळे तुकडे एकापुढे एक जोडले जातात, त्यांवर एखादे गाणे घातले जाते आणि दोन मिनिटांचे ते शहर इष्टमित्रांकडे रवाना होते.

ह्या उद्योगाकडे पाहून वडीलधारी माणसे बहुधा हसतात. ज्या पुलावरून रोज जावयाचे त्या पुलाचे चित्र काय घ्यावयाचे, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास असे आढळून येते की, चलच्चित्रकलेचा जन्मच मुळी असल्या रोजच्या दृश्यापासून झालेला आहे. १८९५ च्या मार्च महिन्यात लुई ल्युमिएर याने फ्रान्समधील लिआँ शहरी आपला कॅमेरा प्रथम रोखला, तो राजवाड्यावर नव्हे की रणांगणावर नव्हे, तर स्वतःच्या कारखान्याच्या फाटकावर. सुट्टी झाली, फाटक उघडले, कामकरी स्त्री-पुरुष बाहेर पडले, एक कुत्रा मध्येच धावून गेला, चित्र संपले. त्या यंत्रात सुमारे १७ मीटर फीत मावत असे व ती हाताने फिरवून पन्नासएक सेकंदांत संपे. म्हणजे आजच्या मुलांच्या चित्रफितींची लांबी ही काही आजची टूम नव्हे. तो ह्या कलेचा मूळ घाट आहे.

त्याच वर्षीच्या २८ डिसेंबर रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी ही चित्रे तिकीट लावून लोकांना दाखविली आणि अवघ्या सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन दाखल झाली. स्थानकात शिरणारी आगगाडी आणि कारखान्यातून सुटणारे कामगार ही दृश्ये त्या खेळात होती. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, त्यांना ह्या खेळाने असे काही वेड लावले की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. पुढे १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा मुंबईकरांनी केलेले त्यांचे स्वागतही त्यांनी फितीवर उतरविले. दादरच्या पुलावर थबकणाऱ्या त्या तरुणीची कुळकथा अशी सव्वाशे वर्षांमागे जाते, आणि तिचा एक मूळपुरुष मराठी आहे.

ह्या आरंभीच्या चित्रांना स्वतःचा आवाज नव्हता. प्रेक्षागृहात कोणी पियानो वाजवी, कोठे पेटी-तबला बसे. साहजिकच पुढील काळात कल्पक मंडळींच्या मनात असा विचार आला की, शहराच्या जीवनाला जर लय आहे, तर चित्रालाही संगीताप्रमाणेच लय का असू नये? ह्या विचारातून १९२० नंतरच्या दशकात जी चित्रे निघाली, त्यांना शहराच्या ‘सिंफनी’ असे नाव पडले. सिंफनी म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाची अनेक भागांत बांधलेली मोठी रचना. १९२७ मध्ये वाल्टर रुटमान याने बर्लिन शहराचे असे चित्र केले. पहाटे आगगाडी धडधडत शहरात शिरते, निर्मनुष्य रस्ते हळूहळू जागे होतात, कारखान्यांची चाके फिरू लागतात, दुपारी माणसे व जनावरे जेवतात, आणि रात्री दिव्यांच्या झगमगाटात दिवस मावळतो. तासाभराहून अधिक चालणाऱ्या ह्या चित्रात नायक नाही, नायिका नाही. शहर हेच पात्र. त्यासाठी एडमुंड मायझेल याने मोठ्या वाद्यवृंदाचे खास संगीत रचले होते. दैवदुर्विलास असा की, त्या संगीताचे पियानोसाठी केलेले संक्षिप्त टिपण तेवढे शिल्लक राहिले. आज त्यावरून वाद्यवृंदाचा साज नव्याने उभा करून ते वाजवावे लागते.

दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, सोव्हिएत रशियातील झिगा वेर्तोव याने ‘कॅमेरा घेतलेला माणूस’ हे चित्र पुरे केले. कॅमेरा त्याच्या भावाच्या, मिखाईल काउफमानच्या हाती होता. आणि हजारो तुकड्यांतून निवड करून ते जोडण्याचे काम त्याची पत्नी एलिझावेता स्विलोवा हिने केले. चित्र चालू असतानाच मध्ये ती स्वतः फितीचे तुकडे हाती घेऊन बसलेली दिसते. त्यामुळे एक गोष्ट प्रेक्षकाच्या ध्यानात येते ती अशी की, चित्र घेणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे जोडण्यात आहे.

ह्या सर्वांत आजच्या हौशी चित्रकाराला सर्वांत जवळचे वाटावे असे चित्र हॉलंडचा योरिस इवेन्स याचे. ‘पाऊस’ हे त्याचे नाव. त्याचा सहकारी मानुस फ्रांकन. १९२९ मधील ह्या सुमारे बारा मिनिटांच्या चित्रात ॲम्स्टरडॅम शहरावर एक सर येते आणि ओसरते, एवढीच कथा. कालव्याच्या पाण्यावर पहिले थेंब पडतात, छत्र्या उघडतात, ट्रामच्या काचांवरून ओघळ वाहतात, रस्ता आरशासारखा चकाकतो. पाहणाऱ्यास वाटते की, हे एका दुपारचे चित्रण आहे. वस्तुतः ती एक सर गोळा करण्यास इवेन्सला कित्येक महिने लागले. हातात मावणारा किनामो जातीचा लहानसा कॅमेरा घेऊन पाऊस आला की तो घराबाहेर पडे. मुंबईच्या आषाढात वाढलेल्या माणसाला त्या चित्राचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या ‘पाऊस’ चित्राचा पुढील इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. मूळ चित्र मूक होते. १९३२ मध्ये लाउ लिख्टफेल्ट याने त्याला संगीत दिले. पुढे हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या हान्स आइस्लर याने १९४१ मध्ये त्याच चित्रासाठी पाच वादकांची निराळी रचना केली आणि तिला ‘पावसाचे वर्णन करण्याच्या चौदा रीती’ असे नाव दिले. चित्र तेच, थेंब तेच, छत्र्या त्याच; परंतु संगीत पालटताच पाऊस पालटला. संगीत हे चित्राच्या अंगावरील अलंकार नव्हे. ते चित्राचा अर्थ बदलणारे सामर्थ्य आहे. म्हणूनच ते हाती घेताना जपावे लागते.

पुढील काळात साधने लहान व स्वस्त होत गेली. १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फीत निघाली, १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची, १९६५ मध्ये ‘सुपर-८’ नावाची. श्रीमंत घरांतून लग्नमुंजींची व सहलींची चित्रे निघू लागली. लिथुएनियातून महायुद्धाच्या वावटळीत निर्वासित झालेला योनास मेकस १९४९ मध्ये न्यूयॉर्कला उतरला. थोड्याच दिवसांत त्याने उसने पैसे घेऊन बोलेक्स कॅमेरा विकत घेतला आणि लोक रोजनिशी लिहितात त्याप्रमाणे तो आयुष्यभर रोजची दृश्ये टिपीत राहिला. बर्फ पडलेली बाग, मित्राचे लग्न, स्वयंपाकघरातील ऊन, असे त्याचे विषय. ‘वॉल्डन’ ह्या त्याच्या १९६९ मधील चित्ररोजनिशीची लांबी तीन तासांची आहे. आज मेकसच्या कॅमेऱ्याहून सोयीचे यंत्र भाजीवालीच्या कनवटीला असते. यूट्यूबवर २३ एप्रिल २००५ रोजी जी पहिली चित्रफीत चढविली गेली, ती अवघ्या १९ सेकंदांची होती. प्राणिसंग्रहालयातील हत्तींपुढे उभा असलेला एक तरुण तीत दोन शब्द बोलतो, एवढेच. पुढे जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात ‘रील’ सुरू केली, आणि तयार गाणे चित्रावर चढविणे हे एका बोटाचे काम होऊन बसले.

नेमकी येथेच मेख आहे. जे काम एका बोटाने होते, ते विचारावाचून होते. ह्या चित्रफितींत गाणे घालण्याची कळ दाबताच मूळचा आवाज बंद करण्याची सोयही शेजारीच असते, आणि पुष्कळदा ती कळ दाबली जाते. गाडीचा खडखडाट, फेरीवाल्याची आरोळी, कावळ्यांची कावकाव, हे सर्व ‘गोंगाट’ ह्या एका नावाखाली पुसले जाते. उरते ते मुके शहर, आणि त्यावर कोणा परक्याच्या प्रेमभंगाचे गाणे. दादरचा पूल, पुण्याचा लक्ष्मी रस्ता आणि नागपूरची सीताबर्डी ह्यांवर त्या आठवड्यात गाजणारे एकच गाणे वाजू लागले म्हणजे तिन्ही शहरे एकसारखी दिसू लागतात.

ह्याने नुकसान ते काय, असे कोणी विचारील. त्याकरिता कोणत्याही घरी घडू शकेल असा एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. कॉलेजात शिकणारी एक नात आपल्या आजीबरोबर मंडईत जाते. आजी मेथीची जुडी उचलते, उलटी करून पाहते, नाक मुरडते. “काल पंधराला होती ना गं?” असे विचारते. भाजीवाली म्हणते, “आजी, तुम्हांला म्हणून पंधरा; बाकीच्यांना वीस.” मग कोथिंबिरीच्या दोन काड्या आणि कढीपत्त्याचा एक झुबका वर मागून घेतला जातो, आणि दोघीही हसतात. नात हे सर्व टिपते. रात्री तिला तो बाजारातला कलकलाट नकोसा वाटतो. ती मूळ आवाज बंद करून एक हळुवार गाणे घालते. चित्रफीत सुरेख होते, शंभर जणांना आवडते. मोबाईलमध्ये जागा कमी पडते म्हणून मूळ तुकडे ती पुसून टाकते. पुढल्या वर्षी आजी जाते. वर्षश्राद्धाच्या दिवशी घरातील मंडळी ती चित्रफीत लावून बसतात. आजीचे ओठ हलतात, कपाळाला आठी पडते, ती हसते. आणि ऐकू येते ते गाणे. आजी त्या वेळी काय म्हणाली ते भाजीवालीला आठवत नाही, नातीलाही शब्द तेवढे आठवतात, स्वर आठवत नाही. तो स्वर एकदाच ह्या जगात उमटला होता, यंत्राने तो धरलाही होता, आणि घरच्याच माणसाने तो पुसला. ते गाणे मात्र बाजारात हवे तेव्हा मिळते.

जे आजीच्या स्वराचे, तेच शहराच्या स्वराचे. माणसे जशी सांगून जात नाहीत, तसे आवाजही सांगून जात नाहीत. मुंबईत ट्राम प्रथम १८७४ मध्ये घोड्यांनी ओढली, १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. तिची छायाचित्रे पुष्कळ आहेत. पण वळणावर चाके रुळाला घासताना निघणारी तिची किंकाळी ज्यांच्या कानांत आहे, अशी माणसे आता वृद्ध झाली. १९३७ पासून मुंबईच्या रस्त्यांवर असलेली दुमजली बस तिच्या जुन्या डिझेल रूपात सप्टेंबर २०२३ मध्ये अखेरची धावली. त्या दिवशी कॅमेरे पुष्कळ निघाले. परंतु अखेरचा दिवस हा रोजचा दिवस नसतो. वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसलेल्या मुलांच्या गप्पा, जिन्यावरून पडणारी पावले, आणि कंडक्टरच्या चिमट्याची टकटक हे रोजच्या मंगळवारचे धन होय. विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली गाड्या आज रस्त्यावर आहेत, पण त्यांचा आवाज निराळा आहे. ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची वयोमर्यादा संपून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर तिचे दार दोनदा आपटून लावण्याचा आवाजही गेला.

आगगाडीचे उदाहरण तर याहून सूक्ष्म आहे. पूर्वी १३ मीटर लांबीचे रूळ एकमेकांना पट्ट्या लावून जोडीत व मध्ये किंचित फट ठेवीत. प्रत्येक सांध्यावर चाक आपटे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला १००० मीटर जाते. म्हणजे एका चाकाखालून मिनिटाला सुमारे ७७ सांधे जात. गवयाच्या भाषेत ही ७७ मात्रांची लय झाली, आणि ती लाखो प्रवाशांच्या हाडांत मुरली होती. रूळ जोडून अखंड करण्याची पद्धत रूढ झाल्यापासून ही लय मोठ्या मार्गांवरून जवळजवळ लोपली. आता ती मुख्यतः रूळ बदलण्याच्या जागी तेवढी ऐकू येते. तिला निरोप देण्यास कोणी हारतुरे घेऊन आले नाही.

तर मग अशा चित्रफितींत संगीत घालूच नये काय? असे म्हणणे अरसिकपणाचे होईल. संगीत घालावे, मात्र ते शहराचा आवाज ऐकल्यानंतर घालावे, शहराचा आवाज दडपण्यासाठी नव्हे. ह्याची कृती अवघड नाही. प्रत्येक जागी दृश्य टिपून झाल्यावर मोबाईल स्थिर धरून केवळ आवाजासाठी एक मिनिट मुद्रण करावे. चित्रपटाच्या धंद्यातील ध्वनिमुद्रक हे नेमाने करतात. घरी आल्यावर डोळे मिटून ते ऐकावे. फुलबाजारात तराजूचे पारडे आपटते, पुलावर चपलांची सळसळ असते, टपरीवर पेला ठेवल्याचा ठोका पडतो. ह्या प्रत्येकाला आपापली गती असते. त्या गतीच्या जवळचे संगीत निवडले म्हणजे चित्र व संगीत ह्यांचे भांडण होत नाही.

दुसरी गोष्ट जोडण्याची. हल्ली प्रत्येक ठोक्याला दृश्य बदलण्याची रीत पडली आहे. तिचा हिशेब करून पाहावा. मिनिटास १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. मात्रेगणिक दृश्य बदलल्यास दोन मिनिटांत २४० दृश्ये होतील; इतक्या वेगाने डोळा पाहतो, पण मन पाहत नाही. त्याऐवजी त्रितालाचा आधार घ्यावा. त्रितालाच्या १६ मात्रा ह्या लयीत ८ सेकंदांत पुऱ्या होतात. दोन मिनिटांत १५ आवर्तने बसतात. दर समेवर एक नवे दृश्य आणले, तर पंधरा दृश्ये, प्रत्येकी आठ सेकंदांची. आठ सेकंदांत माणूस चहाचा पेला उचलतो, फुंकर घालतो आणि पहिला घोट घेतो. म्हणजे एक लहानशी घटना पूर्ण होते. आणि नवव्या मात्रेवर जेथे खाली येते, तेथून दोन सेकंद संगीत मंद करून रस्त्याचा मूळ आवाज वर येऊ द्यावा. खाली असते म्हणूनच समेला वजन येते, हे तबलजीला सांगावे लागत नाही; चित्र जोडणाऱ्यानेही ते त्याच्यापासून शिकावे.

तिसरी आणि सर्वांत सुंदर वाट म्हणजे शहरातच असलेले संगीत घेणे. १९४२ मध्ये, लंडनवर बाँबगोळ्यांचे सावट असताना, हम्फ्री जेनिंग्ज व स्ट्यूअर्ट मॅकॲलिस्टर ह्यांनी ‘ब्रिटनचा आवाज ऐका’ असे एक लहान चित्र केले. त्यात निवेदकाची वटवट नाही, बाहेरून आणलेले संगीत जवळजवळ नाही. कारखान्यात काम करणाऱ्या मुली गातात, सैनिक गाडीच्या डब्यात गातात, आणि चित्रसंग्रहालयात दुपारच्या मैफलीत मायरा हेस पियानो वाजविते. तेच त्या चित्राचे संगीत. मुंबईला ह्या बाबतीत काय उणे आहे? लोकल गाडीच्या डब्यात वर्षानुवर्षे एकत्र जाणारी भजनी मंडळी टाळ-चिपळ्या घेऊन बसतात. वरातीपुढे बँड असतो, गणपतीत ढोल-ताशा असतो, चाळीत कोणी पेटीवर सा लावून बसलेले असते. त्या मंडळींना विचारून त्यांचे गाणे घ्यावे. डोंबिवलीच्या गाडीचे दृश्य आणि त्याच गाडीतील भजन, ह्यांची जोड कोणत्याही तयार गाण्याला साधणार नाही. शिवाय हक्काचा प्रश्नही सोपा होतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीचा व संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो. तेव्हा दुसऱ्याचे गाणे उचलण्यापूर्वी हे ध्यानात असावे. परंपरेचा अभंग घरच्याच गळ्यातून घेतला, तर ही अडचण उद्भवत नाही.

आवाजाविषयी जी आस्था, तीच माणसाविषयी असावी. चित्र घेणाऱ्याच्या दृष्टीने पदपथावर निजलेला मजूर हे एक ‘दृश्य’ असते. मजुराच्या दृष्टीने ती त्याची झोप असते. जो जागेपणी हात वर करून नको म्हणू शकतो, त्याला विचारावे. जो म्हणू शकत नाही, त्याला वगळावे. दुसऱ्याच्या मुलांचे चेहरे त्यांच्या आईबापांच्या संमतीवाचून घेऊ नयेत. भाजीवालीला चित्र दाखवावे, आणि ती नको म्हणाली तर तिच्यादेखत पुसावे. ह्याने चित्र हातचे जाते खरे. पण पुष्कळदा असे घडते की, विचारल्यावर माणूस पदर सारखा करतो, हसतो आणि दोन शब्द बोलतो. ते चोरून घेतलेल्या चित्रात कधीच आले नसते.

बर्लिनचे चित्र करणाऱ्या रुटमानने पुढे केलेला एक प्रयोग नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष जवळचा वाटेल. शहराचे एवढे मोठे चित्र केल्यावर त्याने १९३० मध्ये ‘शनिवार-रविवार’ ह्या अर्थाचे नाव देऊन एक चित्रपट केला, ज्यात चित्रच नव्हते. त्याने चित्रपटाच्या फितीवर केवळ ध्वनी मुद्रित केला: कामाची यंत्रे, सुट्टी होताच पडणारी पावले, गाडी, कोंबड्याचे आरवणे, चर्चची घंटा, मुलांचे पाठांतर, आणि सोमवारी पुन्हा यंत्रे. ही सुमारे अकरा मिनिटांची रचना जर्मन नभोवाणीवरून त्याच वर्षी ध्वनिक्षेपित झाली. आज ती ऐकताना डोळ्यांपुढे शहर उभे राहते, कारण ज्याने शहर नीट ऐकले होते, त्यानेच ते जोडले होते.

ज्या तरुण श्रोत्यांच्या खिशात हे यंत्र आहे, त्यांनी उद्या सकाळी पुलावर जरूर थांबावे. दहा सेकंद हात स्थिर ठेवावा. घरी आल्यावर आवडीचे गाणेही घालावे. मात्र मूळची फीत तिच्या आवाजासह निराळी जपून ठेवावी, तिच्यावर जागेचे नाव व तारीख घालावी, आणि तिची एक प्रत मोबाईलबाहेर दुसरीकडे ठेवावी. एका मिनिटाच्या फितीला लागणारी जागा ती किती! उलट वडीलधाऱ्यांनीही हसणे सोडून त्या मुलांना हाताला धरून एकदा मंडईत न्यावे, आणि भाव करताना नेहमीसारखे मोठ्याने बोलावे.